झोडणीचा हात

“तुमी उचलला म्हून हात वर गेला, मी उचलते तवा जात न्हाई,” असं रंभाबाई खळ्यावर एकदाच म्हणाली, आणि तिथली सगळी माणसं हसली.

सगळ्यात मोठ्यानं हसला तो तिचा नवरा, हैबतराव. बायकोला काही झालेलं नाही याची त्याला खात्री होती. मुळशीच्या त्यांच्या खाचरातलं भात तीस वर्षं तिनंच झोडलं होतं. पेंढी डोक्यावरून मागं न्यायची आणि दगडावर आपटायची, दिवसभर. यंदा मात्र भारा घेऊन येताना ती बांधावरून घसरली, उजव्या खांद्यावर पडली, आणि दुसऱ्या दिवशी म्हणे हातच वर होईना. खाचर बंगलेवाल्याला विकून टाका, असा तिचा दोन वर्षं धोशा होता. काम अडवून विकायला लावायचा हा डाव, हे हैबतरावानं तिथंच ताडलं. चारचौघांत त्यानं तिचं मनगट धरलं आणि हात सरळ वर नेला. गेला की!

“वहिनी, जत्रंला नाटक बसवतोय, येता का?” धाकटा भाऊ जयसिंग म्हणाला.

त्यानंतर ती हाताबद्दल बोलली नाही. रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. वेणी घालताना हात डोक्याकडे जायचा नाही, डोकंच हाताकडे झुकायचं. हैबतराव ते बघायचा आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरात कुणी बघत नसतानाही सोंग सुटत नाही म्हणजे काय?

चार महिन्यांनी तो तिला पौडला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. बरं करायला नव्हे, पकडून द्यायला.

डॉक्टर ज्ञानदा यांनी एक्स-रे उजेडात धरला. “हाड शाबूत आहे.”

“ऐकलंस?” हैबतराव बायकोला म्हणाला.

डॉक्टरांनी तिचा हात धरून सावकाश वर नेला. कानाला लागला.

“बगा! ह्येच सांगतुया मी. जातोय का न्हाई?”

“काका, जरा गप्प बसा.” त्यांनी हात खांद्याच्या रेषेत आणला. “मावशी, आता मी सोडते. इथंच धरून ठेवा.”

त्यांनी सोडला. रंभाबाईनं दात आवळले. हात धपकन मांडीवर पडला.

“सांधा आखडला असता तर मलाही उचलता आला नसता,” डॉक्टर म्हणाल्या. “हा उचलला जातो, पण यांना स्वतःला उचलता येत नाही. उचलणारा स्नायू हाडापासून तुटलाय.” त्यांनी पाठीमागं खांद्याच्या फऱ्यावर बोट ठेवलं. तिथं खळगा पडला होता. “सुकायलाही लागलाय. एमआरआय काढू. ऑपरेशन करून शिवता येतो, पण इतक्या उशिरा कितपत धरेल, सांगवत नाही. पडल्या पडल्या कुणाला बोलला नाहीत?”

रंभाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो एक्स-रेकडे बघत होता.

“म्हंजी पुढच्या लावणीला काय कामाची न्हाई ही?” त्यानं विचारलं.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली. “आण हिकडं,” म्हणत हैबतरावानं हात पुढं केला. रंभाबाईनं डाव्या हातानं चिठ्ठी उचलली, कमरेला खोचली, उजवा हात कोपराखाली सावरून धरला आणि नवऱ्याला वळसा घालून बाहेर पडली.