होडीतली दुसरी जागा

आमच्या दादाने होडीतून केलेल्या सफरीची गोष्ट आमच्या घराण्यात अजून सांगतात. गंजाडच्या पलीकडच्या तळ्यातून तो निघाला, ओहोळातून नदीत उतरला, नदीतून खाडीत आला आणि संध्याकाळी डहाणूच्या बंदराला लागला. लग्नाकार्यात जेवणं झाली की कुणी ना कुणी हे काढतंच, आणि मग माझ्याकडे वळून कौतुकाने विचारतात, तुम्हाला आठवतं का हो? चांगलं आठवतं. ती सफर मी आखली होती, आणि त्या होडीतली दुसरी जागा माझी होती. एवढं वय झाल्यावर आता कुणाची भीड धरायची, म्हणून लिहून टाकते.

वडील बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. डहाणूपासून तलासरीपर्यंतचे आणि आत गंजाडकडे जाणारे रस्ते, त्यांच्या मोऱ्या, छोटे पूल, सगळं त्यांच्याकडे. सुट्टीत मी घरात फार मधेमधे करते म्हणून आई मला त्यांच्याबरोबर छकड्यात बसवून द्यायची. वडील मोरीचा दगड निखळला आहे का ते वाकून बघायचे, आणि मी तिच्या खालून गेलेलं पाणी पुढे कुठे जातं ते बघायची. विचारून विचारून त्यांना भंडावून सोडायची. तेही कंटाळा न करता सांगायचे, हे त्या तळ्याचं सांडवण, हे पुढे त्या नदीला मिळतं. असं करता करता तो सगळा मुलूख मला पाण्याने जोडलेला दिसायला लागला. इतरांना गंजाड म्हणजे डहाणूहून जाणारा खडबडीत रस्ता आणि आदळआपट. मला ती एका तळ्याची वरची कड वाटायची, जिथून सुटलेली काटकी एक ना एक दिवस आमच्या बंदरावर येणार.

दादा मुंबईला कॉलेजात होता. तिथल्या वाचनालयात त्याने कुठल्याशा इंग्रजी मासिकात चित्रं पाहिली. गोरी माणसं हलकीशी होडी डोक्यावर घेऊन एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यापर्यंत चालत जातात, पुन्हा पाण्यात टाकतात आणि पुढे जातात. राज्य वेगळं झालं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मे महिन्याच्या सुट्टीत तो आला तो हेच खूळ घेऊन. बुरुडाकडून बांबूच्या कामट्यांचा सांगाडा विणून घेतला, वडिलांच्या दौऱ्यावरच्या फाटक्या तंबूचं कॅनव्हास त्यावर ताणून शिवलं आणि तेलरंगाचे हात दिले. होडी त्याने बांधली हे मी कधीच नाकारलं नाही. हाताला कसब होतं त्याच्या. डोक्यात मात्र एका टोकाला तळं, दुसऱ्या टोकाला समुद्र आणि मधे नुसता उत्साह.

होडीत दोनच जागा होत्या. मागे वल्हवणारा, पुढे पाण्यावर नजर ठेवणारा. वाट विचारायला तो माझ्याकडे आला तेव्हा मी आधी तेच विचारलं, पुढे कोण बसणार?

"तू," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय मला वाट कोण दाखवणार?"

मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. पुढचं शिक्षण नाही हे ठरलेलं होतं, आणि पुढचं काय ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्या चार शब्दांनी मला किती आनंद झाला हे लिहायलासुद्धा आज राग येतो.

सबंध पावसाळा मी आखणीत घालवला. तळ्यातून निघायचं पहाटे, कारण खाली खाडीत भरतीला पोचायचं. बांधापाशी होडी उचलून पलीकडे ओहोळात टाकायची. ओहोळावर रस्त्याच्या तीन मोऱ्या. पहिलीखालून डोकं वाकवून जाता येतं, दुसरीही तशीच, तिसरी अरुंद, तिथे उतरून होडी रस्त्यावरून पलीकडे न्यायची. पुढे नदी लागली की डाव्या काठाने राहायचं, कारण उजवीकडे खडक आहेत आणि कॅनव्हासला एक टोक पुरे. नंतर एक खोल डोह, तिथे भाकरी खायची. आणि मग खाडी, म्हणजे खरी परीक्षा. ओहोटीत खाडीत पाणी नसतं, नुसता चिखल असतो, माणूस मांडीपर्यंत रुततो. म्हणून भरती चढलेली असताना खाडीत शिरायचं आणि ती उतरायला लागली की तिच्याच पाठीवर बसून बंदरापर्यंत यायचं.

भरतीचं गणित डहाणूत कुणालाही येतं. पुनवेला आणि अवसेला ती बाराच्या सुमाराला भरते, मग रोज पाऊण तास उशिरा. आम्हाला खाडीत दुपारी दोनच्या पुढे पोचता येणार होतं, तेव्हा तिथी हवी तृतीया. पाऊस ओसरलेला हवा, पण ओहोळ भरलेले हवेत. म्हणजे भाद्रपदातली वद्य तृतीया.

भाद्रपद वद्य म्हणजे पितृपक्ष. ते मला कळत नव्हतं असं नाही. उलट मी तो मुद्दाम निवडला होता. पितृपक्षात कुणी मंगलकार्य काढत नाही, पाहुणे येत नाहीत, मुली बघायलाही कुणी येत नाही. वर्षभरात एवढाच एक पंधरवडा होता की ज्यात मला कुणी साडी नेसवून पाटावर बसवणार नव्हतं. मला वाटलं, काय शहाणपणाचा दिवस शोधला मी. आणि आमचं घर कसलं आहे, हे विसरले.

आईने ऐकताक्षणी हात जोडले. पितृपक्षात नवी वस्तू घरात आणत नाहीत, आणि तुम्ही नवी होडी पाण्यात घालणार? पोरांचा जीव आहे, खेळ नाही. मी म्हटलं, होडी तर मे महिन्यातच घरात आली, नवी कुठली? ती म्हणाली, पाण्याला लागली नाही तोवर नवीच. वडिलांकडे पाहिलं तर ते वर्तमानपत्रात. मोरी सोडून दुसऱ्या कशावर त्यांनी घरात कधी मत दिल्याचं मला आठवत नाही. गणपतीला घरी आलेला दादा मात्र लगेच आईच्या बाजूने झाला. आई म्हणते ते खरं, उगाच कशाला विषाची परीक्षा, आपण आश्विनातली वद्य तृतीया धरू. मुंबईत अंडी खाणारा, देवाला नमस्कार न करणारा माझा भाऊ. त्याला एकाएकी पितर आठवले याचं मला तेव्हा नवल वाटलं. नुसतं नवल वाटून घेतलं, पुढे विचार केला नाही.

मग मी सगळं पुन्हा आखलं. आश्विनात पाणी महिनाभराने उतरलेलं असणार, दुसऱ्या मोरीपर्यंत होडी बहुधा खांद्यावर घ्यावी लागणार. तरी जमत होतं. पूर्ण वाट त्याला तोंडपाठ करून घ्यायला लावली, म्हणजे मी पुढून ओरडले तर मागून त्याला नेमकं कळावं. आता वाटतं, शिकवणीच लावली होती मी त्याची.

दसऱ्यानंतर आईने सांगितलं की तलासरीकडच्या वेवजी गावची मंडळी मला बघायला येणार आहेत. घरची भाताची आणि भाजीपाल्याची शेती, चिकूची वाडी, मुलगा धाकटा, शिकलेला. कधी येणार म्हणून विचारलं तर तृतीयेला, दुपारी. मी म्हटलं, त्या दिवशी तर आम्ही जाणार आहोत. आई म्हणाली, दादा जाईल, त्याचा मुंबईचा मित्र आला आहे सोबतीला, तू काळजी करू नकोस. जणू मला काळजीच होती. मी दादाकडे गेले. तो होडीच्या शिवणीला मेण चोळत होता. मान वर न करता म्हणाला की त्यांनी दिवस दिला, आपण मुलीकडचे, आपल्याला नाही कसं म्हणता येईल? पुढच्या वर्षी जाऊ आपण दोघं, नक्की. मित्राला होडीतलं किती कळतं ते मी विचारलं. तो म्हणाला, वाट मला पाठ आहे ना.

जायच्या आदल्या दिवशी होडीची पूजा झाली. तीही मलाच करायला लावली. कुमारिकेच्या हातचं हळदकुंकू चांगलं म्हणे. मी होडीच्या नाकाला कुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि तो मित्र, ज्याला गंजाड कुठल्या दिशेला आहे तेही माहीत नव्हतं, पायातले बूट न काढता पुढच्या जागेवर बसून बघू लागला कशी वाटते. मग होडी बैलगाडीवर चढवली आणि दोघं गंजाडला मुक्कामाला गेले.

दुसऱ्या दिवशी, तृतीयेला, दुपारी मंडळी आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. मी शिऱ्याच्या बशा घेऊन बाहेर गेले. काका मोकळ्या स्वभावाचे होते, गुजराथी वळणाचं मराठी बोलायचे, आणि त्यांना उशीर झाल्याचं फार लागलं होतं. आईला म्हणाले, "आम्ही तर रविवारच बोललेलो, बाई. आजच या असा आग्रह तुमच्या मुलाचा. स्टेशनावर मुद्दाम गाठून सांगून गेला."

आई काहीतरी बोलली आणि हसली. मी बशी त्यांच्यापुढे धरून उभी होते. रविवार आणि तृतीया यांच्यात दोन दिवसांचं अंतर होतं. रविवारी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाटावर बसले असते तरी मला चाललं असतं. माझ्या भावाने स्वतः जाऊन हा दिवस मागून घेतला होता. आणि त्याला पितर कशासाठी आठवले होते तेही मला तिथेच उभ्या उभ्या उमगलं. भाद्रपदात त्या मित्राची परीक्षा होती; आदल्या दिवशी गाडी भरताना तो सहज बोलून गेला होता.

मुलाच्या आईने विचारलं, काय काय येतं? मी स्वयंपाक, शिवण, भरतकाम सांगितलं. घड्याळात दोन वाजून गेले होते. खाडी भरत आली असणार, एवढंच डोक्यात होतं. त्या लोकांनी मला पसंत केलं. शांत मुलगी आहे म्हणाले.

संध्याकाळी ते दोघं बंदराला लागले तेव्हा अर्धं गाव जमलं होतं म्हणतात. मी गेले नाही. घरी आल्यावर दादा अंगभर चिखलाचा, खुशीत, मला म्हणाला की सगळं तू सांगितलंस तसंच निघालं, तिसरी मोरीसुद्धा. मी विचारलं, तू त्यांच्याकडे कशाला गेला होतास? क्षणभर तो बावरला. मग म्हणाला, तुझंच चांगलं व्हावं म्हणून ना, स्थळ हातचं गेलं असतं तर? ज्याला आपलं वागणं चांगलंच वाटतं त्याच्याशी भांडण होत नाही. मी प्रयत्न केला. आईने मला गप्प केलं, लग्न ठरल्याच्या दिवशी घरात कटकट नको म्हणून.

माघात माझं लग्न झालं आणि मी वेवजीजवळ सासरी आले. माणसं वाईट नव्हती. नवरा सरळ होता, कामाला वाघ, बोलायला कमी. राज्य वेगळं झालं आणि आमच्या शेतापासून थोड्याच अंतरावर हद्द आली. मंडळी तेवढंच बोलत, बाजाराला कुठल्या राज्यात जायचं. मी मात्र भाजीच्या मळ्यात उभी राहून नदीकडे बघायची. आमच्या वाडीमागचा ओढा तिला मिळत होता, ती हद्द ओलांडून समुद्राकडे जात होती, आणि कुठे उचलायचं, कुठे उतरायचं हे माझ्या मनात आपोआप मांडलं जात होतं. ही खोड जात नाही. कुणाला सांगितलं मात्र नाही.

दोन पावसाळ्यांनंतर दादा आला. होडी बैलगाडीवर घालून आला. तो आता नोकरीला लागला होता, आणि मुंबईत त्या सफरीवर त्याने दोन ठिकाणी भाषण दिलं होतं. ओटीवर सगळे बसले असताना म्हणाला की या नदीतून थेट समुद्रापर्यंत जायचा बेत आहे. मग मला हाक मारून, लाडाने, "सांग बघू, तिथी कुठली धरायची? आणि होडी कुठे कुठे उचलावी लागेल?"

सगळं माझ्या जिभेवर होतं. मी एवढंच विचारलं, "पुढे कोण बसणार?"

तो हसला. माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आमचे मेहुणे. आणखी कोण?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो एक शब्द बोलला असता तर पुढचं सगळं आयुष्य मी त्याला माफ केलं असतं. त्याला पोहता येत नव्हतं, होडीची हौस नव्हती, बिचारा पाहुण्याचं मन मोडायचं नाही म्हणून बसला होता. तोही हसला आणि मला म्हणाला, बरोबर भाकरी बांधून दे.

मी म्हटलं, "मला या नदीतलं काही माहीत नाही."

दादाला ते खोटं आहे हे कळलं. तो दोन दिवस काठाने फिरला, कुणाकुणाला विचारलं, पंचांग चाळलं, पण त्याला काही मेळ लागेना. शेवटी कामाचं निमित्त करून तो गेला. जाताना सासूबाईंना म्हणाला की लग्न झाल्यापासून ही फार बदलली. होडी पुढच्या खेपेला नेतो म्हणून आमच्याच गोठ्याच्या पडवीत ठेवली. ती पुढची खेप आलीच नाही.

पुढच्या पावसाळ्यात पडवी गळली आणि कॅनव्हासला बुरशी धरली. मग उंदरांनी कडा कुरतडल्या. सासऱ्यांनी एकदा विचारलं, कामट्या वेलींच्या मांडवाला घेऊ का? मी घ्या म्हटलं. ते कॅनव्हास उसवायला बसले तेव्हा मी भाजी निवडायची म्हणून तिथेच पायरीवर बसले. आत दोन फळ्या होत्या. मागची वापरून गुळगुळीत झाली होती, पुढची त्या मानाने कोरी होती. त्यांनी ती काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, ही चुलीपुढे बसायला चांगली आहे, घे तुला.

मी घेतली. चाळीस वर्षं तिच्यावर बसून भाकऱ्या केल्या.