दोन हिवरखेड आणि आईचा फोन

तीस वर्षं मी अमरावतीत पोरांना भूगोल शिकवला. हिवरखेड नावाचं एक गाव मोर्शी तालुक्यात आहे, संत्र्याच्या पट्ट्यात, आणि दुसरं अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याकडे. तेव्हा पत्ता लिहिताना तालुका-जिल्हा गाळू नका, हे मी दरवर्षी सांगायची. गाळणाऱ्याचा अर्धा मार्क कापायची, आणि कापताना मला बरं वाटायचं, हेही कबूल करते. कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात माझ्याच प्रवासाच्या पासवर चुकीचं हिवरखेड पडलं, आणि ते दुसऱ्या कोणी नाही, मी स्वतः भरलं होतं.

मला जायचं होतं तेल्हाऱ्याकडच्या हिवरखेडला, आईकडे. वडील गेल्यापासून ती तिथं एकटी राहत होती. चाळिशीत एका तापात तिचे कान गेले. त्यानंतर ती माणसांचे ओठ वाचायला शिकली. अक्षर एकही येत नाही, पण समोरचा मनातल्या मनात पुटपुटला तरी हिला कळतं, त्यामुळे आम्ही भावंडं तिच्यासमोर तिची चेष्टा करायलाही घाबरायचो. मी तिला कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते शिट्ट्या मारतं म्हणून तिनं ते शेवयांच्या डब्यात ठेवून दिलं. अमरावतीला चल म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं: "तुमच्या तिकडचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. इथं माह्या ओयखीचे ओठ हायेत."

तिच्याशी फोनवर बोलायची आमची एक रीत होती. बटनांचा छोटा फोन ती पिशवीत घालून कमरेला खोचायची. तो थरथरला की बटन दाबून कानाशी धरायची आणि आपली खुशाली एका दमात सांगून टाकायची. "मी बरी हावो. जेवली. नयाले पानी आलं होतं. तू कायजी करू नको. ठेवतो." आणि ठेवायची. पलीकडे कोण आहे, ते काय म्हणतं, याच्याशी तिचा संबंध नव्हता. कितीतरी जाहिरातवाल्यांनी तिची खुशाली ऐकली असेल. मी मात्र त्या वीस सेकंदांत तिचा आवाज तपासून घ्यायची आणि दिवसभर निश्चिंत असायची.

टाळेबंदी लागल्यावर पंधरा-वीस दिवसांनी त्या खुशालीत एक नवीन वाक्य आलं. "लोकायनं माह्याशी बोलनं टाकलं."

पहिल्यांदा मी ते मनावर घेतलं नाही. कोणाशी तरी भांडली असेल, तिचा स्वभावही माझ्यासारखाच. पण वाक्य रोज येऊ लागलं, आणि मग एक दिवस 'जेवली' हा शब्द गळला. दुसऱ्या दिवशीही गळला. मी शेजारच्या काकूंना फोन केला. त्यांच्या घरात त्या साली खरेदी बंद पडल्यामुळे आढ्यापर्यंत कापूस भरला होता, घरभर खाज सुटली होती, आणि त्या आधीच वैतागलेल्या होत्या.

"अवं बाई, आमी तं रोज बोलतो त्यायच्याशी," काकू म्हणाल्या. "त्याच आमाले पाहून तोंड फिरवून घेतात. भाकर नेऊन देली तं वापस पाठवली."

"काकू, बोलताना तुमच्या तोंडावर मास्क असतो का?"

"मंग? काढला तं दंड हाये ना!"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आईला रोग आल्याचं ठाऊक होतं, तोंड का झाकतात तेही ठाऊक होतं. पण झाकलेल्या तोंडामागे माणूस बोलतो आहे, हे तिला कळायला काही मार्गच नव्हता. तिच्या लेखी माणसं दारात येत होती, उभी राहत होती, डोळे मोठे करून बघत होती आणि निघून जात होती. अख्ख्या गावानं वाळीत टाकावं असा आपला काय गुन्हा झाला, हे शोधत ती म्हातारी उपाशी बसली होती. मला इतकं रडू आलं की नवरा धावत आला.

काकूंच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून पाहिला. नेट अडकलं आणि माझा चेहरा तोंड वासलेल्या अवस्थेत थिजला. आई घाबरून ओरडली, "इचं तोंड काहून वाकडं झालं?" काकूंनी फोन बंद केला. तुम्हीच मास्क खाली घेऊन तिला सांगा म्हटलं, तर दंडाला आणि रोगाला भिऊन त्या कबूल होईनात. म्हणजे तिच्यासमोर उघड्या तोंडानं जाऊन उभं राहण्याला पर्याय नव्हता.

पास मी मोबाईलवर भरला. नेट येत-जात होतं. चौथ्यांदा भरताना जिल्ह्याच्या रकान्यात अमरावती आपोआप येऊन बसलं, गावांच्या यादीत हिवरखेड दिसलं, आणि मी बोट दाबलं. दोन दिवसांनी पास आला. त्यावर हिवरखेड हा शब्द वाचून मला एवढा आनंद झाला की त्याच्या पुढचं काही वाचलंच नाही. पोरं असंच करायची.

नवऱ्याला साखरेचा त्रास, म्हणून त्याला घरीच ठेवलं. आमच्या गल्लीत गाड्यांच्या सीटा शिवणारे एक मुसलमान गृहस्थ आहेत. मी त्यांना भाई म्हणते, ते मला मॅडम. दुकान बंद होतं, जुनी व्हॅन दारात उभी होती. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, अम्मा का मामला है, पूछना क्या." त्यांनी पुढच्या आणि मागच्या सीटमध्ये सीटकव्हरच्या जाड प्लास्टिकचा पडदा शिवून टाकला होता. त्या पडद्यातून आणि इंजिनाच्या आवाजातून एक शब्द ऐकू यायचा नाही. समोरच्या आरशात त्यांच्या मास्कचं कापड आतबाहेर झालं की समजायचं, भाई काहीतरी बोलले. मी आपली मान डोलवायची. पुढे कळलं की ते मला भीती वाटते का असं विचारत होते, आणि मी तासभर हो-हो करत होते.

वलगाव मागे पडलं. रस्त्याला माणूस नाही. दर्यापूरच्या अलीकडे टायर बसलं. स्टेपनी काढली तर तीही बसलेली. भाई तिच्याकडे बघून म्हणाले, "इसको भी लॉकडाऊन लगा." चाक लोटत जवळच्या खेड्यात गेलो. तिथं पंक्चरवाल्यानं शटर गुडघ्याएवढं वर करून चाक आत ओढून घेतलं आणि खालूनच परत ढकललं, त्याचं तोंड काही आम्ही पाहिलं नाही. आमचं पाणी तोवर संपलं होतं. रस्त्याकडेच्या एका घरातल्या बाईनं आमच्याकडे पाहिलं, आतून कळशी आणली, पुलाच्या कठड्यावर ठेवली आणि दहा पावलं मागे जाऊन उभी राहिली. ओंजळीनं प्यायलो. खारपाणपट्ट्यातलं पाणी, जीभ ओढणारं. ती पदरामागून काहीतरी म्हणाली. मला वाटतं, "अजून घ्या" म्हणाली असेल.

दर्यापूर ओलांडून अकोला जिल्ह्याच्या हद्दीवर नाका होता. शिपायानं पास हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, परत पास पाहिला.

"बाई, तुमी तं उलट्या येऊन राहिल्या. हे मोर्शीचं हिवरखेड हाये. मोर्शी तिकडं, पार मांगं राहिली."

"मोर्शी कुठं आहे ते मला सांगू नका. मी भूगोल शिकवते."

"भूगोल शिकवता? मंग पास काहून असा?"

त्याचं बरोबर होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी त्याला नियम शिकवले, शासनाच्या यादीला नावं ठेवली, त्याच्या वरिष्ठांचा नंबर मागितला. स्वतःची चूक सोडून सगळ्या जगाची चूक काढली. तो शांतपणे म्हणाला, "गाडी वापस घ्या." भाई खाली उतरले, हात जोडून उभे राहिले. "साहेब, मॅडम गुस्सा नाही, डरली हाये. अम्मा खाना नही खा रही."

शिपायानं माझ्या मोबाईलकडे बोट केलं. "तिथं कोणी हाये का खरंच? फोन लावा. मी बोलतो."

"तिला ऐकू येत नाही."

"मंग फोन कशाले देला?"

मी फोन लावला आणि आवाज मोठा केला. त्या दिवसांत आधी खोकल्याची सूचना वाजायची, ती वाजून गेली. मग पलीकडे बटन दबलं.

"हॅलो आजी, मी पोलीस..."

"मी बरी हावो," आईचा आवाज आला. "चहा घेतला. आज पानी नाई आलं. लोकायनं बोलनं टाकलंच हाये अजून. काल देवळापाशी बसली, तं चार बाया आल्या, नुसत्या पाहत राह्यल्या न् गेल्या. म्या कोनाचं काय बिघडवलं, मले तं समजत नाई बाप्पा. तू येऊ नको, ऊन लय हाये. ठेवतो."

शिपाई फोनकडे बघत राहिला. "असं रोज?"

"दिवसातून दोनदा."

मी त्याला मास्कचं आणि ओठांचं सांगितलं, या वेळी हळू आवाजात. त्यानं टेबलावरचं रजिस्टर ओढलं, माझं नाव लिहिलं, आणि गावाच्या रकान्यात हिवरखेडपुढं ठळक अक्षरात 'तेल्हारा' लिहिलं. मोर्शीबद्दल चकार शब्द काढला नाही. "गाडी आजच वापस आली पायजे," एवढंच म्हणाला. मी आयुष्यात इतक्या पोरांचे अर्धे मार्क कापले, मला मात्र कोणी तरी तो देऊन टाकला.

अकोट ओलांडून हिवरखेडच्या वेशीशी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. रस्त्यात बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. गावच्या समितीतला एक माणूस पुढं आला. "ताई, तुमी गावच्याच. पन बाहेरून आला तं चौदा दिवस शायेत राहा लागन. घरी नाई जाता येनार." भाईंना तर गाडीतून उतरूही दिलं नाही. त्यांनी काचेतून हात हलवला, कापड आतबाहेर झालं, आणि गाडी वळली. त्यांना साधं चहालाही विचारता आलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

ज्या शाळेत मी मुळाक्षरं शिकले त्याच शाळेच्या व्हरांड्यात मी पिशवी ठेवली. थोड्या वेळानं काकू आईला घेऊन फाटकापाशी आल्या. मागे आणखी दोन बाया. मध्ये अख्खं मैदान. आई वाळून गेली होती, लुगडं अंगावर मोठं दिसत होतं.

"माय!" मी जिवाच्या आकांतानं हाक मारली.

तिनं माझ्याकडे पाहिलं. नुसती पाहत राहिली. मी आणखी मोठ्यानं ओरडले, येतानाचं सगळं सांगायला लागले, नाका, पंक्चर, काय काय. तिचा चेहरा हळूहळू पडत गेला. मग ती म्हणाली, "तू बी नाई बोलत?"

तेव्हा मला कळलं, मास्क माझ्या तोंडावरच होता. ज्यासाठी शंभर किलोमीटर आले तेच विसरले होते. मी तो ओरबाडून काढला. समितीचा माणूस ओरडला, "ताई, मास्क! मास्क!" मी त्याला हातानं गप्प केलं आणि मैदानाच्या या टोकाहून, आवाजच न काढता, एकेक शब्द ओठांनी मांडत आईला म्हणाले, "माय, कोनीच बोलनं टाकलं नाई. सारे बोलून राहिले. कापडाच्या मांगून."

ती डोळे बारीक करून वाचत होती.

"तोंड दिसत नाई त्यायचं. कापडाकडं पाय. कापड हालते. कापड हाललं म्हनजे मानूस बोलला."

आई वळली. काकूंच्या तोंडाकडे, फुलाफुलांच्या जुन्या पोलक्यातून शिवलेल्या त्या मास्ककडे, अगदी निरखून पाहायला लागली. "बोल," म्हणाली.

काकू बोलल्या. महिनाभराचं साठलेलं सगळं बोलल्या असाव्यात, कारण थांबेचनात. भाकर परत केल्याचा राग, कापसाची खाज, सगळंच. कापड आत जात होतं, फुगत होतं, पुन्हा आत जात होतं. आईला त्यातला एकही शब्द कळला नाही. पण तिनं काकूंचा हात धरला आणि मान हलवू लागली, हो, हो, अशी. मग मागच्या दोघींकडे वळली. "आता तुमी बोला."

मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

थोड्या वेळानं त्या सगळ्या घरी गेल्या. दिवेलागणीला माझा फोन वाजला. याआधी आईनं मला स्वतःहून फोन लावल्याचं आठवत नाही; बटन काकूंनी दाबून दिलं असणार. मी सवयीनं गप्प राहून ऐकलं.

"मी बरी हावो. जेवली. पोरगी आली हाये, शायेत ठेवली तिले. आज शेजारीन लय बोलली. काय बोलली, मले काय ठाऊक. पन लय बोलली. ठेवतो."