भावाचा पाय, माझी पोटरी

आधीच सांगते, असले अनुभव सांगणाऱ्यांची मी कायम टिंगल केलेली आहे. आमच्या आजोबांनी बुद्धधम्माची दीक्षा घेतली तेव्हाच अंगात येणं, गंडेदोरे, उतारे सगळं घराबाहेर गेलं. वर मी बारामतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच चीड येतेय... पण घडलं ते घडलं.

नव्वदच्या दशकाचा मध्य. दिवाळीची सुट्टी संपत आली होती आणि मी बावड्याला, माहेरी होते. माझा धाकटा भाऊ सुनील चोवीस वर्षांचा, आसपासच्या जत्रांत नाव कमावलेला पैलवान. एवढा दांडगा गडी, पण सकाळी सातला कालव्याच्या रस्त्यावर लूनावरून घसरला आणि डाव्या पायाची नडगी मोडून बसला.

आमच्याकडे हाड मोडलं की आधी हाडवैद्य. अंगारा चालत नाही, पण हाडवैद्य चालतो, कारण ते म्हणे 'अनुभवाचं शास्त्र'! गावातले वैद्य तात्या आले. लेप लावला, बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि दात-ओठ खाऊन पट्टा आवळला. जितका घट्ट तितका वैद्य चांगला, अशी आमच्याकडची समजूत. वर हुकूम, "पाच दिस सोडायचा न्हाय. पाय वाकडा बसला तर मला बोलायचं न्हाय."

तासाभरात सुनील कण्हायला लागला, मग चक्क ओरडायला. "ताई, सोड गं हे... आतनं फुटतंय!"

"पैलवान हायस का कोण?" आमचे वडील, आबा, त्याच्यावर खेकसले. "गप पड."

आणि मी? मी विज्ञानाची बाई! "हाड मोडलंय, दुखणारच रे," असं म्हणून एक गोळी दिली आणि अकराची एसटी धरली.

इंदापूर जवळ आलं आणि माझी डावी पोटरी दुखायला लागली. गोळा आला असेल म्हणून चोळली, तर जास्तच ठणकली. बस बदलायला इंदापूर स्टँडवर उतरले तेव्हा पाय टेकवेना. लंगडत समोरच्या दवाखान्यात शिरले.

डॉक्टर म्हातारे आणि तिरसट. पोटरी दाबली आणि त्यांचा हात थांबला. दगडासारखी कडक झाली होती. पायाचा अंगठा त्यांनी हळूच वर ताणला मात्र — मी किंचाळले. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात टाचणी टोचली, ती मला कळलीसुद्धा नाही.

"पाय कधी मोडला?"

"मोडला नाही."

"मग पट्टा, प्लास्टर काही आवळलं होतं?"

"नाही हो, डॉक्टर."

"बाई, खोटं कशाला सांगता? काही झाल्याशिवाय असा पाय होत नाही!"

मग त्यांनी समजावलं. पोटरीतले स्नायू कप्प्यांत असतात आणि कप्प्यांचं आवरण चिवट असतं, ते फारसं ताणत नाही. हाड मोडलं की आत रक्त साचतं, सूज येते. त्यात बाहेरून आवळून बांधलं की दाब इतका वाढतो की स्नायूंना रक्तच पोचत नाही. पावलाची नाडी मात्र लागते, म्हणून लोक फसतात. दुखापतीच्या मानाने भलतंच दुखणं आणि बोटं ताणल्यावर जीव जाणं ही त्याची खूण. काही तासांत कप्पे उघडले नाहीत तर स्नायू मरतात, पाय जातो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

ऐकता ऐकता मला सुनील आठवला. "डॉक्टर... पाय माझ्या भावाचा मोडलाय. सकाळी. पट्टाही त्यालाच बांधलाय. तो सारखा ओरडतोय."

त्यांनी माझा पाय खाली सोडला. "मग इथं काय करताय?"

बावड्याच्या घरी फोन नव्हता. वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेणारी, जीप मिळेपर्यंत अर्धा तास गेला. घरी पोचले तर आबा दारातच आडवे आले.

"चार बुकं शिकलीस म्हणून तात्याला शिकवती व्हय? माझा हात त्यांनीच बसवला हाय!"

"आबा, पाय जाईल त्याचा!"

"पाच दिस म्हंजी पाच दिस!"

माझं डोकंच फिरलं. त्यांना बाजूला सारून आत गेले आणि सुनीलचा अंगठा वर ताणला. तो असा ओरडला की आबा विळा घेऊन आले. त्यांनी स्वतःच पट्टा कापला. पोटरी तरीही दगडच.

जीप करून बारामतीला सर्जनकडे पोचायला साडेचार झाले. त्यांनी पायाला हात लावला आणि लगेच आत घेतलं. पोटरीला दोन्ही बाजूंनी लांब चिरा देऊन कप्पे मोकळे करायचे, जखमा काही दिवस उघड्याच ठेवायच्या, असं सांगितलं. मी बाहेर बाकावर बसले. माझा पाय ठणकतच होता. आणि एकदम... सुटला. हात लावला तर पोटरी मऊ. समोरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. नंतर सर्जनना विचारलं, चीर कधी दिली? म्हणाले, "पाचनंतर लगेच. का हो?"

सुनीलचा पाय वाचला. पण पंजा पुरता उचलला जात नाही, आणि कुस्ती कायमची सुटली. दोन-तीन तास आधी आणला असता तर... एवढंच सर्जन म्हणाले.

लोक म्हणतात, मनाचे खेळ. असतील! मग जी लक्षणं मला ठाऊकच नव्हती ती मनाने कुठून आणली? इंदापूरच्या त्या डॉक्टरांना पुन्हा भेटले, तर त्यांनी हात झटकले. "मी पाहिलं ते खरं. याहून जास्त मला विचारू नका." इतकी वर्षं झाली, याहून जास्त मलाही कुणी सांगू शकलेलं नाही.

एकदा मी सुनीलला जरा कौतुकानेच म्हणाले, बघ, माझ्या पायानं तुझा पाय वाचवला.

तो हसला नाही. "ताई, तुझा पाय कशाला दुखायला पायजे हुता? मी सकाळपास्नं वरडत हुतो की."