लातूरची अर्धी वखार

मुंबई बंदरातल्या जुन्या वखारींचं कौतुक सगळेच करतात. मीही सुट्टीत ते करून आलो होतो. पण त्या भरायला कापसाच्या गाठी आमच्या भागातूनही जात, हे तिथे कुणाच्या गावीही नव्हतं. तो राग मनात घेऊनच लातूरची दगडी वखार पाहायला मी नांदेडहून सकाळची एसटी धरली. मी शाळेत चित्रकला शिकवतो. जुन्या इमारतींची चित्रं काढायचा नाद आहे.

अहमदपूरला उतरून पाणी मागितलं. हॉटेलवाला म्हणाला, "आधी कायतरी खा. निसत्याला पानी न्हाई." दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. मुकाट्याने बशीभर सुशीला (चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ) घेतला, तेव्हा पेला पुढे आला.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून तिथे नवा रंग दिलेला.

वखार छोट्या रेल्वेच्या रुळांलगत होती, पण अर्धीच उरलेली. दीड हात जाडीच्या काळ्या दगडाच्या, चुन्यातल्या भिंती. जोतं बरोबर बैलगाडीच्या उंचीचं, गाठ न उचलता आत सरकवता यावी म्हणून. वळचणीखाली तिरके झरोके. वारा आत येतो, पाऊस येत नाही. बांधणाऱ्याला कापूस कळत होता आणि हमालाची पाठही. आणि ही वखार कुणा शहाण्याने दुष्काळी कामावर खडी फोडायला काढली होती, नव्या कचेऱ्यांच्या रस्त्यासाठी! मदतीच्या ज्वारीची पोती मात्र समोर फाटक्या ताडपत्रीखाली उन्हात पडलेली. माझं डोकंच फिरलं.

खडी फोडणाऱ्या बायकांत गंगाबाई होती. तिने एक घडीव दगड पुढे ओढला आणि कोपऱ्यातल्या तीन टिंबांवरून बोट फिरवलं. माझी वही-पेन्सिल पाहून तिने मला गुरुजी ठरवलंच होतं.

"माझ्या सासऱ्याची खूण हाय, गुरुजी. त्येनं घडिवलेला दगड." एवढं बोलून तिने हातोडा उचलला.

"अहो बाई, हा तरी ठेवा."

"ठिवून काय करू? ढीग कमी पडला तर उद्या कामावर घेत न्हाईत."

तिथून मी तडक कामाच्या साहेबांकडे गेलो आणि तोंड सोडलं. गावाबाहेर एवढे दगड पडलेत, तुम्हाला फोडायला वखारच सापडली? साहेब भले होते. त्यांनी अर्ज लिहून घेतला आणि काम थांबवायचा हुकूम माझ्यासमोर काढला. मी लॉजवर छाती फुगवून झोपलो.

सकाळी चित्र काढायला गेलो, तर बायका लिंबाखाली हातोडे घेऊन बसलेल्या. मुकादम म्हणाला, "चौकशी हुईस्तोर काम बंद. दुसरं काम अजून निघालं न्हाई."

गंगाबाई शांतपणे म्हणाली, "गुरुजी, वखार वाचिवली तुमी. लई चांगलं केलं. आता आमी काय फोडायचं, ते बी सायबाला इचारून या."

मी धावत कचेरीत गेलो. साहेब दौऱ्यावर गेले होते. दुपारपर्यंत व्हरांड्यात थांबलो आणि बसची वेळ झाली म्हणून निघालो. खरं तर संध्याकाळीही बस होती.

आपल्याच माणसाने घडवलेला दगड पोटासाठी फोडायला लावणाऱ्यांचा संताप अजून गेलेला नाही. दुपारच्या बसने परतलेल्या माझाही येतो. अर्धी वखार आजही उभी आहे. तिचं मी परतल्यावर आठवणीने काढलेलं चित्र शाळेच्या भिंतीवर लावलंय, येणारे-जाणारे वाखाणतात. त्या बायकांना पुन्हा काम कधी मिळालं, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.