पी.टी. सरांचा ओठ

“शिट्टीनं घासलंय म्हणून राहिलो ना. किती डाव सांगू?” पंढरी सर खेकसले आणि खालच्या ओठाच्या कडेच्या फोडाला बोट लावून बघितलं. बोटाला रक्त आलं. ते त्यांनी हळूच लुंगीला पुसलं.

“नांदेडच्या डॉक्टरानं तुकडा काढून तपासायला सांगितलं, त्याला महिना झाला,” त्यांच्या बायको धुरपताबाई म्हणाल्या.

“सोमवारपासून शाळेत माझं उन्हाळी शिबिर हाय.”

“बुडतंय मोठं शिबिर तुमच्याबिगर.”

सरांनी मुखेडच्या शाळेत नोकरीभर पी.टी. शिकवली. शिकवली म्हणजे पोरं उन्हात उभी केली. टोपी घालून आलेल्याची टोपी जप्त. सावलीकडे नजर टाकणाऱ्याला मैदानाची आणखी एक चक्कर. कोणी घेरी येऊन पडला, तर त्याच्या आईला स्वयंपाक येत नाही, असा निकाल. निवृत्तीनंतर शाळा उन्हाळी शिबिरापुरती उरली, ऊन सुटलं नाही. गावातली चार रिकामी माणसं गोळा करून सर उघड्या डोक्यानं दहा-दहा वाजेपर्यंत पळत. घाम गाळणाऱ्याला कॅन्सर होत नसतो, हा त्यांचा शोध, आणि पुरावा ते स्वतःच. तंबाखू नाही, बिडी नाही, पोट आत. लेक धम्मप्रिया तोंडाला क्रीम लावून स्कूटीवर निघाली की विचारायचे, “चुना लावला का गं?” ती हेल्मेट चढवून निघून जाई. सरांना तो आपला विजय वाटे.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की व्यायामानं हृदय चांगलं राहिलं, साखर आटोक्यात राहिली. पण इतक्या वर्षांचं ऊन कातडीनं आणि ओठानं सोसलंय, ते काही घामाबरोबर वाहून जात नाही. सरांनी यातलं अर्धंच ऐकलं. व्यायामानं हृदय चांगलं राहतं, असं डॉक्टर म्हणाले, हे मात्र त्यांनी गावभर सांगितलं.

“बाबा, कॅन्सरच असेल असं नाही म्हणाले ते,” सुट्टीला आलेली धम्मप्रिया म्हणाली. “पण असला तर अजून लहान आहे. काढता येईल.”

“तू लातूरला तुझी बँक सांभाळ. पितळी शिट्टी हाय, ओठाला घासतीच.”

“कुठं हाय ती शिट्टी?” धुरपताबाईंनी विचारलं.

“हरवली न्हाई का.”

“हरवली न्हाई. नांदेडहून आल्या दिवशीच म्या डाळीच्या डब्यात टाकली. तवापासून तुमी टाळ्या वाजवून माणसं पळवून राहिले. फोड तर वाढलाच. आता कशानं घासला? माझ्या भाकरीनं?”

सरांनी डब्यांच्या फळीकडे पाठ केली. मग म्हणाले, “उन्हानं कॅन्सर होत असता तर रानात राबणारा एक माणूस वाचला नसता.”

“ते डोक्याला फडकं बांधून राबत्यात. तुमाला शान नडली.”

यावर सरांनी तोंड उघडलं, पण ओठ ताणला गेला आणि ते कळवळून खाली बसले. त्यांना कोणी हात दिला नाही. धुरपताबाईंनी परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, आणि मळता मळता, मान वर न करता सांगितलं,

“धम्मे, शाळेत फोन लाव. सर शिबिराला येणार न्हाईत म्हण. सोमवारी सकाळच्या गाडीनं आपण तिघं नांदेडला जायचं, आन् तुकडा काढून घेतल्याबिगर वापस यायचं न्हाई.”