सावकाश मारलेले वार

आबांचे डोळे रोगानं गेले, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मी म्हणते, इज्जत राखण्यापायी गेले.

आबा म्हणजे माझे वडील. लातूरला दालमिलमध्ये मुकादम, आणि संध्याकाळी विहारामागच्या मोकळ्या जागेत लाठीचे वस्ताद. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढं त्यांचं पथक. त्यांच्या हाताखाली तयार झालेले चौघे जुने गडी होते. त्यांची लेकरं शाळेत जायला लागली, तरी वस्तादांसमोर ते बिडी ओढायचे नाहीत की मोठ्यानं हसायचे नाहीत. आबांनी भर दुपारी रात्र झाली म्हटलं असतं, तर चौघांनी अंथरूण टाकलं असतं!

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कलेक्टर आले, कचेऱ्यांना नव्या पाट्या लागल्या, गावाचा रुबाब वाढला. पाणी मात्र नव्हतं. प्यायलाच टँकरची वाट बघायची, तिथं आखाड्यावर शिंपडायला कुठून आणणार? खेळ सुरू झाला की नुसता धुरळा. सगळ्यांचेच डोळे लाल. मी मुदखेडहून माहेरी यायची, तेव्हा आबा ताटातली वाटी हातानं चाचपत असायचे. "काय हो आबा?" विचारलं तर म्हणायचे, "धूळ गेलीय गं." माझेही डोळे चुरचुरत होते, मला पटलं. तेव्हाच हाताला धरून दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं, हे शहाणपण आता सुचतंय.

आखाड्यात एक गोष्ट मला नवी दिसली होती. आबांवर वार करायच्या आधी ते चौघे पाय आपटायचे, "हां वस्ताद!" अशी हाक द्यायचे, आणि मग लाठी अशी ऐटीत, सावकाश यायची. आबा ती खाडकन अडवायचे. नवी पोरं तर हेच शास्त्र समजून शिकली, की वस्तादावर वार करायचा तर आधी हाक द्यायची. मला वाटलं, असेल काही पद्धत काढलेली.

जिल्हा झाल्यानंतरच्या झेंडावंदनाला मैदानावर पथकाचा खेळ ठरला. माझा धाकटा दीरही माझ्यासोबत आला होता. तो मुदखेडला लाठी खेळायचा आणि सासरी मी आबांचं एवढं कौतुक करून ठेवलेलं, की एक डाव तरी त्यांच्याशी खेळायचाच म्हणून हटून बसलेला. सकाळी मैदानावर त्यानं आबांच्या पायाला हात लावला. "आबा, माझ्यासंगं एक डाव खेळता का?"

आबांची कळी खुलली. त्या चौघांची तोंडं मात्र उतरली. थोरला पुढं झाला. "पाव्हणं, माझ्यासंगं खेळा की. वस्ताद दमल्यात."

"दमलं तुझं टाळकं!" आबा खेकसले. "बाजूला व्हय."

अरे, त्या वेळी एकानं तोंड उघडायचं होतं! चारही जण माना खाली घालून बाजूला झाले.

दिराला आमच्याकडची पद्धत काय ठाऊक? सलामी झाली. त्यानं ना पाय आपटला, ना हाक दिली. डावीकडून सरळ वार केला, समोर वस्ताद आहे, तो अडवणारच, या भरवशावर. आबांची लाठी जागची हललीसुद्धा नाही. वार कानशिलावर बसला आणि आबा खाली कोसळले. दीर लाठी फेकून रडायलाच लागला, "वैनी, आबांनी अडवलंच न्हाई हो!"

दवाखान्यात टाके घातल्यावर डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. मग मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. "मार किरकोळ आहे," ते म्हणाले. "पण यांना काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं केव्हाच गेलंय, समोरचंही जात आलंय. गेलेली नजर परत येत नाही. आधी आणलं असतं तर बरीच वाचली असती."

बाहेर व्हरांड्यात चौघे उभे होते. थोरल्यानं सांगितलं. गेल्याच्या आदल्या जयंतीआधी सराव करताना डावीकडचा वार वस्तादांना दिसला नाही, लाठी खांद्याला चाटून गेली. मग चौघांनी आपसात ठरवलं, आधी हाक द्यायची आणि सावकाश मारायचं.

"वस्तादाला कसं सांगावं ताई, तुमाला दिसंना म्हणून? पोरांपुढं इज्जत ऱ्हायली असती का?"

माझं डोकंच फिरलं. "इज्जत? घाल चुलीत ती इज्जत! तुझ्या बापाला दिसेनासं झालं असतं तर असाच हाका मारत बसला असतास का रे? मेल्यांनो, चौघांतल्या एकाला जरी..."

खोलीचं दार उघडंच होतं. आबांनी आतून हाक मारली. चौघे जाऊन खाटेपाशी उभे राहिले. आता आबा एकेकाची सालटी काढणार, म्हणून मी दारातच थांबले.

"म्हंजी इतके दिस तुमी सावकाश मारीत व्हता?"

"व्हय," थोरला म्हणाला.

आबांनी कानशिलावरची पट्टी चाचपली.

"डोळ्यांचं जाऊ द्या," ते म्हणाले. "ह्या दोन वर्सांत कुणाचाच वार अंगाला लागला न्हाई. मला वाटलं, आता कुठं माझा हात बसला."