तिसरा थर

भोसरीतल्या ज्या शेडमध्ये मी कामाला जाते, तिथे फायबरच्या होड्या बनतात. पुरातून माणसं काढायला लागतात त्या. साच्यात काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, वर रेझिन ओतायचं, रोलर फिरवून हवा काढायची, सुकलं की पुढचा थर. असे तीन थर. धागे हातात घुसतात, आंघोळ केली तरी खाज जात नाही.

मागच्या वर्षी शेठ म्हणाले, आता दोनच थर मारा. माझ्याबरोबरची मावशी चाकणकडच्या गावची, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, "आवं शेठ, आजवर तीन मारत आलो न्हवं?"

"मावशी, होड्या तुम्ही बनवता का मी?"

"आमीच बनवतो की."

सगळे हसले, शेठ सोडून. मी मान खाली घालून रोलर फिरवत राहिले.

दोन थरांची पहिली होडी तयार झाली. नवा माल निघताना आमच्याकडे नारळ फोडतात, दारातल्या दगडावर. त्या दिवशी फोरमनला काय सुचलं कोण जाणे. होडी अजून पालथीच होती. त्याने तिच्या तळाला हळदकुंकू लावलं आणि नारळ तिथेच आपटला. नारळ फुटला नाही. होडीला दोन बोटं जातील एवढं भोक पडलं.

"देवाला बी कळलं, थर कमी हाय," मावशी म्हणाली.

नेमका तेव्हाच माल बघायला गिऱ्हाईक आलं. त्याने भोकात बोट घालून पाहिलं. "शेठ, ही तर बुडणार."

"नाही बुडत साहेब. बाकड्यांखाली फोम भरलाय. चला, आहे त्या भोकासकट दाखवतो."

होडी टेम्पोत घालून जुन्या खाणीवर नेली. तिथे पाणी खोल आहे. गिऱ्हाईक म्हणालं, रिकामी काय दाखवता, माणसं बसवा. गडी एकमेकांकडे बघायला लागले. शेठ म्हणाले, "मावशी, लई बोलता ना, बसा. ताई, तुम्ही पण."

मला पोहता येत नाही. तेवढंच म्हणायचं होतं. पण इतके पुरुष बघत होते. मी बसले.

होडी दोराने बांधून मध्यावर ढकलली. पाणी आधी पायांना लागलं, मग मांड्यांवर आलं. मावशीने माझं मनगट धरलं. "पवता येतं न्हवं तुला?" मी मान हलवली, नाही.

"मग आधी बोलायचं की गं, मुडदे!" आणि ती काठाकडे तोंड करून ओरडायला लागली, "शेठ, हिला पवता येत न्हाई! वढा दोर!"

मीही हात वर करून हलवला. दोर कोणी ओढला नाही. काठावरून एकजण म्हणाला, "बसा वहिनी, व्हिडिओ चाललाय."

होडी काठोकाठ भरली आणि तिथेच थांबली. बुडाली नाही. आम्ही दोघी छातीएवढ्या पाण्यात बाकड्याची फळी धरून बसलो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "मानलं राव."

ओल्या लुगड्यांनी आम्ही त्याच टेम्पोतून परत आलो. भोकात पुट्टी भरून वरून रंग मारला, होडी गेली. दुसऱ्या दिवशी शेठ सगळ्यांसमोर मला म्हणाले, "बुडाली का? मग तिसरा थर कशाला पाहिजे?" मावशीला त्यांनी त्याच दिवशी कामावरून काढलं. ती डबा उचलून निघाली तेव्हा माझ्याकडे बघत उभी राहिली. मी रोलर उचलला.

मी दापोडीत नदीकडच्या गल्लीत राहते. एका वर्षी पाणी घरात शिरलं, तेव्हा सासूबाईंना अशाच एका होडीतून काढलं होतं. त्यांना चालता येत नाही. चौघांनी उचलून ठेवलं. कोरड्या बसल्या होत्या त्या होडीत.

मी अजून दोनच थर मारते. काल नवीन गिऱ्हाईक आलं होतं. शेठनी मोबाइलवर तो व्हिडिओ लावला. "बघा, आमच्याच बायका बसल्यात. घाबरल्यात का? ही तर हात हलवतेय."

मी शेजारीच मॅट कापत होते. गिऱ्हाइकाने व्हिडिओकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसून त्यानेही हात हलवला.